सदर आवाज डावीकडून येतो

आमच्या जीपच्या पुढच्या डाव्या बाजूने जो आवाज येत असे, त्याला नेमकं काय म्हणायचं यावर गडचिरोलीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शेजारचे दादाजीभाऊ त्याला ‘खुर्रखुर्र’ म्हणत. मिथुन मिस्त्रीच्या मते ती ‘कटकट’ होती. चौकातला पानवाला गाडी नुसती लांबून पाहून ‘गडगड’ म्हणाला, आणि तो म्हणाला म्हणून पुढे दोन दिवस मलाही गडगडच ऐकू येत राहिली. माझं स्वतःचं मत असं होतं की, सदर आवाज सरळ रस्त्यावर ‘करकर’ या स्वरूपाचा असून वळणावर त्याचं रूपांतर ‘कडक्-कडक्’मध्ये होतं. हे मी लिहूनही ठेवलं होतं.

लिहून ठेवायची मला सवय आहे. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, आणि प्रफुल खोब्रागडेचा मसुदा म्हटला की साहेब डोळे मिटून सही करतात. एकदा तर त्यांनी खरोखरच डोळे मिटले होते आणि ती सही शिपायाच्या तीन महिन्यांच्या रजेच्या अर्जावर पडली, पण तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच की, ज्या माणसाने बावीस वर्षं शब्द तोलून वापरले, त्याच्या नशिबी असा आवाज यावा ज्याला शब्दच सापडू नये, हा माझ्यावरचा अन्याय होता.

गाडी घ्यायचं कारण रिना. रिना माझी बायको. डी.एड. होऊन तिला तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत तिने घरी शिकवण्या घेतल्या, एका खाजगी शाळेत अर्ध्या पगारावर पूर्ण काम केलं, भरतीच्या परीक्षा दिल्या, निकालांची वाट पाहिली, आणि चाळिशीला दोन वर्षं उरली असताना एके दिवशी तिच्या नावाचा आदेश आला. कुरखेड्याच्या पलीकडे तीस किलोमीटरवर पिपरटोला नावाच्या गावी जिल्हा परिषदेची शाळा. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं, न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं, तेव्हा ‘रद्द’ या शब्दाचा अर्थ आमच्या घरात दोघांनाही नीट कळत होता.

पिपरटोल्याला एसटी जात नाही. शेवटचे आठ किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये एक नाला, आणि दिवस जुलैचे. रिनाचं म्हणणं, कुरखेड्यापर्यंत बसने जाऊ, पुढे कोणाच्या तरी मोटारसायकलवर. मी म्हटलं, माझी बायको पहिल्या दिवशी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून रुजू होणार नाही. त्याच आठवड्यात एका खात्यातल्या निर्लेखित वाहनांचा लिलाव होता. निर्लेखित म्हणजे जे वाहन आता वाहन नाही असं सरकारने लेखी कळवलं आहे ते. त्यात ही फोर-व्हील जीप होती, म्हणजे वेळ पडल्यास इंजिनाचा जोर चारी चाकांना देणारी. दोन गिअरचे दांडे, जंगलात मुरलेलं रूप. मी तिला पाहिलं आणि मला एकदम आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं. लिपिकाला असं क्वचित वाटतं, म्हणून मी ती घेऊन टाकली.

घरी आणली त्या दिवशी ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून बाहेर काढली आणि वळणावर पहिल्यांदा आवाज आला. मी थांबलो, आवाज थांबला. निघालो, तोही निघाला. रिनाला मी शब्द दिला की, आवाज काढल्याशिवाय तुला या गाडीत बसवणार नाही. आज मागे वळून पाहताना वाटतं, या वाक्याचा मसुदा मी घाईत केला.

शेजारचे दादाजी लेनगुरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं शिक्क्याचा ठोका ऐकल्यामुळे आपला कान तयार आहे असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला समजावलं की, आत बसलेल्या माणसाला चाकाचा आवाज कधी कळत नसतो, आवाजाजवळ जाणारा माणूस पाहिजे. असा माणूस कोण, हे मी विचारायच्या आत ते डाव्या पायरीवर चढले होते. एका हाताने आरशाची दांडी धरली, डोक्याला दुपट्टा गुंडाळला, कान चाकाकडे नेला आणि मला निघायची खूण केली.

आम्ही त्या स्थितीत मुख्य चौकातून गेलो. गाडीबाहेर लोंबकळणारा, डोळे मिटलेला, डोकं बांधलेला म्हातारा पाहून लोकांनी जे समजायचं ते समजलं. दोन पोरं मोटारसायकलवर पुढे झाली आणि हात दाखवून रस्ता मोकळा करत निघाली. मला वाटलं, जीपचा दरारा. त्यांच्या मागे-मागे मीही गेलो आणि सरळ सरकारी दवाखान्याच्या दारात पोचलो. तिथे स्ट्रेचर बाहेर काढून ठेवलं होतं. वॉर्डबॉयने विचारलं, पेशंट कुठी हाय. आता एवढं स्ट्रेचर काढायला लावून रिकामं परत पाठवणं दादाजीभाऊंच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते आडवे झाले. आत त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, ते जास्त निघालं. त्या दिवसापासून त्यांचं मीठ बंद आहे आणि त्यांच्या सौभाग्यवती माझ्याशी बोलत नाहीत. आवाजाबद्दल भाऊंनी एवढंच सांगितलं की, तो चाकातून येतो किंवा मग दुसरीकडून.

तेव्हा मी गाडी धानोरा रोडवर मिथुनच्या गॅरेजमध्ये नेली. मिथुन होतकरू मिस्त्री आहे. त्याचा हात ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी टॅक्सीवर बसलेला, पण तो कशालाच नाही म्हणत नाही. त्याची पद्धत अशी की आवाजाचा शब्द सांगायचा, शब्दावरून तो पार्ट ओळखतो. घूं-घूं असेल तर बेअरिंग. किरकिर म्हणजे ब्रेक. खडखड म्हणजे रबरी बुश. मी त्याला करकर सांगितली. करकर त्याच्याकडे नव्हती. मी वळणावरची कडक्-कडक् सांगितली, तर तो म्हणाला ती कटकट असेल. मी म्हटलं, कटकट आणि कडक्-कडक् यांत फरक आहे, ‘ट’ आणि ‘ड’ ही वेगळी अक्षरं आहेत. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“सर, मले लिहिलेलं नोका सांगू. तोंडानं काढून दाखवा. लाजून काऊन राह्यले?”

गॅरेजमध्ये त्या वेळी सहा-सात माणसं होती. त्यांतला एक आमच्याच कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घालणारा निघाला, ज्याला मी सोमवारीच ‘नियमात बसत नाही’ असं करड्या आवाजात सांगितलं होतं. त्याच्यासमोर मी गाल फुगवून कडक्-कडक् केलं. मिथुन म्हणाला, जोरात. मी जोरात केलं. मिथुन म्हणाला, वळणावर कसा येते. मी मान वळवून केलं. त्या दाखलेवाल्याने अत्यंत आदराने विचारलं की साहेब, हे नियमात बसते काय.

मिथुनने माझ्या आवाजावरून बेअरिंग बदललं. आवाज तसाच. मग बुश बदलले. आवाज थोडा खूश झाल्यासारखा वाटला. मिथुन म्हणाला, तुमच्या तोंडचा आवाज अन् गाडीचा आवाज जुळून नाही राह्यला सर, जरा प्रॅक्टिस करा. म्हणून मी कार्यालयात दुपारच्या सुट्टीत, फायलींच्या कपाटाआड, सराव करू लागलो. करकर येत होती, वळण जमत नव्हतं. बुधवारी वळण जमलं. मोठ्या आनंदाने तीनदा काढलं आणि मागे पाहिलं तर साहेब उभे होते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा एक महत्त्वाचा मसुदा त्यांनी डोळे उघडे ठेवून वाचला. बावीस वर्षांत प्रथमच त्यात स्वल्पविराम हलला.

इकडे रिनाच्या मुदतीचे दिवस सरत होते. रुजू व्हायला लागणारं तिचं वैद्यकीय प्रमाणपत्र नवव्या दिवशी हाती आलं होतं आणि ती रोज सकाळी फाईल पिशवीत घालून तयार बसायची. मी म्हणायचो, आज निदान होतंच. तिने वाद घातला नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायची, तेही पेन्सिलने, हळू. मला त्या पेन्सिलीचा आवाज गाडीपेक्षा जास्त त्रास देई.

अकराव्या दिवशी मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. आवाज वळणावर येतो, तर सतत वळत राहिलं पाहिजे, म्हणजे तो निसटणार नाही. शहराबाहेर एक मोठं मोकळं मैदान आहे, तिथे जाऊन मी डावीकडे गोल फिरू लागलो. दर पाच फेऱ्यांनी थांबायचो, वहीत नोंद करायचो, आणि उजवीकडून फिरायचो. मैदानाच्या कडेला पोलिसांचा कॅम्प आहे हे मला माहीत होतं, पण त्यांनाही मी दिसत असेन हे लक्षात आलं नाही. खात्याच्या रंगाची जुनी जीप, कॅम्पसमोर तासभर गोल फिरते, थांबते, आतला माणूस कॅम्पकडे पाहून वहीत काही लिहितो. मी कॅम्पकडे पाहत नव्हतो. मी शब्द आठवत होतो, आणि शब्द आठवताना माणूस लांब पाहतो.

मला आत नेऊन चहा देऊन बसवलं आणि जबाब घेतला. हवालदार सभ्य होते. त्यांनी लिहिलं, ‘सदर इसमाच्या वाहनातून संशयास्पद आवाज येत असल्याने’. मी नम्रपणे सुचवलं की ‘संशयास्पद’ हा शब्द इथे गैरसमज करणारा आहे, ‘अनाकलनीय’ बरा. त्यांनी खोडून ते लिहिलं. मी म्हटलं, खोडल्यावर शेजारी आद्याक्षरी हवी. तीही केली. मग ‘इसम’च्या जागी ‘अर्जदार’ करावं की नाही यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी वरच्या साहेबांनी येऊन सांगितलं की, याला आधी घरी सोडा. निघताना हवालदारांनी बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या मेहुण्याच्या गाडीलाही असाच आवाज होता आणि त्याने गाडी विकून टाकली.

एव्हाना मी लिलाव करणाऱ्या खात्याकडे अर्जही टाकला होता. गाडीचं जुनं लॉगबुक मिळावं, म्हणजे हा आवाज सरकारी सेवेत असतानाचा आहे की नंतरचा, हे कळेल. त्यांच्या बाबूने अर्ज कोणत्या टेबलाचा हे ठरवायला चार दिवस घेतले, जे मी समजू शकतो, मीही तेच केलं असतं. उत्तर आलं ते वाचून मात्र मान डोलावावी लागली. ‘सदर वाहन निर्लेखित झाले असल्याने कार्यालयीन नोंदीनुसार ते अस्तित्वात नाही. सबब अस्तित्वात नसलेल्या वाहनाच्या आवाजाबाबत माहिती निरंक समजण्यात यावी.’ एवढा निर्दोष मसुदा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी तो रिनाला मोठ्याने वाचून दाखवला. गुरुवार होता. कॅलेंडरवर एकच दिवस खोडायचा राहिला होता.

रिना पोळी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

“उद्या आठ वाजता मी निघून राह्यली. गाडी चालली त गाडीनं, नाई त आठच्या बशीनं. आवाज तुमी ठेवा सांभाळून.”

मी म्हटलं, मिथुन म्हणतो आणखी एकच पार्ट उघडून पाहू. तिने पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत ती भरतीवर चिडली, नशिबावर चिडली, माझ्यावर अशी कधी चिडली नव्हती. तिचे डोळे भरले होते. आपल्या आवाजापायी हिची नोकरी जाते की काय, ही भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा खरी वाटली, आणि इतके दिवस कशी वाटली नाही याची लाजही.

शुक्रवारी आठ वाजता आम्ही जीपनेच निघालो. आवाज बरोबर होताच. कुरखेड्यापर्यंत सगळं सुरळीत झालं असं म्हणता येईल, फक्त प्रत्येक वळणावर लोक मागे वळून पाहत आणि एका थांब्यावर एसटीच्या चालकाने खिडकीतून ओरडून ‘बेअरिंग’ असं सांगितलं. कुरखेड्यात चहा घेतला तेव्हा टपरीवाल्याने ‘बुश’ सांगितलं. मी दोघांनाही बदलल्याच्या तारखा सांगितल्या. पण वाटेत दोनदा थांबून चाकाखाली वाकून पाहण्यात, आणि एकदा पंक्चर काढण्यात, दुपारचे अडीच कधी वाजले ते कळलं नाही.

नाला आला. पाणी गुडघाभर, पण खाली चिखल, आणि पलीकडचा चढ मळलेल्या कणकेसारखा. मी रिनाला म्हटलं, यासाठीच तर ही गाडी घेतली. मोठ्या थाटात दुसरा दांडा ओढून फोर-व्हील घातली आणि पाण्यात उतरलो. पाणी पार झालं. चढावर गाडी थांबली. मागची चाकं जोरात फिरत होती, चिखल आकाशात जात होता, आणि पुढची चाकं शांत उभी होती, जणू हा प्रकार त्यांच्या टेबलाचा नाही. मी आणखी रेस दिली. गाडी मागच्या बाजूने खाली बसली.

मी पुन्हा दांडा ओढला, पुन्हा ढकलला. मॅन्युअल काढलं, ते दुसऱ्याच गाडीचं होतं. तीन वाजले. सव्वातीन. रिनाने फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली, चपला हातात घेतल्या आणि सलवार वर खोचली. शाळा चार किलोमीटर होती. ती म्हणाली, मी चालली. पाचच्या आत पोचते. आणि ती खरंच उतरली.

नाल्याला लागून धानाची बांधी होती, तिथे रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालला होता. बाया वाकून रोवत होत्या आणि बांधावर छत्री घेऊन एक म्हातारा उभा होता. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. आता तो खाली आला, रिनाला हाताने थांबवलं आणि मला विचारलं की काय झालं. हे लालसूभाऊ. नंतर कळलं की त्यांनी जंगलात सरकारी जीप चालवण्यात सत्तावीस वर्षं काढली. त्या वेळी ते मला फक्त आणखी एक सल्ला वाटले. मी त्यांना सुरुवातीपासून सांगू लागलो. सदर आवाज प्रथमतः करकर या स्वरूपाचा असून.

“कसा येते ते नोका सांगू,” लालसूभाऊ म्हणाले. “कव्हा येते ते सांगा.”

हा प्रश्न मला पंधरा दिवसांत कोणी विचारलाच नव्हता. मी वही उघडली. गाडी उभी असताना इंजिन रेस केलं तर येत नाही. चालू लागली की येतो. क्लच दाबून नुसती उतारावर सोडली तरी येतो. ब्रेकशी संबंध नाही. डांबरी रस्त्यावर येतो, वळणावर वाढतो. लालसूभाऊंनी एवढं ऐकलं, म्हणजे इंजिन नाई, चाकाबरोबर फिरते ते काहीतरी, असं पुटपुटले, आणि वाकून पुढच्या डाव्या चाकाच्या मधली गोल टोपी चिखलातून पुसली. मग गाडीला वळसा घालून उजव्या चाकाची पुसली. तिथून त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आमचे साहेब आकस्मिक तपासणीत पाहतात.

“तिकडचं लाक अन् इकडचं फिरी. हे कोणं केलं?”

आता सांगायला हवं. ते मी केलं. गाडी आणली त्या संध्याकाळी चाकांवर पाइपने पाणी मारताना मला दोन्ही टोप्यांवर एक बाण आणि इंग्रजीत दोन शब्द दिसले, LOCK आणि FREE. दोन्ही बाण FREE वर होते. फ्री म्हणजे फुकट, हा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणजे ज्याला पाहिजे त्याने न्यावी अशी गाडी मी रात्रभर गल्लीत उभी करणार होतो. मी लगेच डावीकडचा बाण LOCK वर फिरवला. उजवी बाजू भिंतीला लागून होती, तिथे चोर शिरू शकला नसता, आणि खरं तर माझाही हात पोचत नव्हता. सकाळी गाडी तरीही चालली, तेव्हा मला वाटलं, ते कुलूप मालकाला ओळखत असावं. आजकाल मोबाइलसुद्धा तोंड पाहून उघडतो. मिथुनने मला स्पष्ट विचारलं होतं की सर, तुमी कशाले हात त नाही लावला. मी नाही म्हटलं. कुलपाची गोष्ट माणूस गॅरेजमध्ये, चारचौघांत सांगत नसतो. आणि मिथुनने असली टोपी आधी पाहिली नव्हती, पण पोरगं इतकं प्रामाणिक की बेअरिंग बदलताना खडूने खुणा करून बाण जसा होता तसाच बसवला.

लालसूभाऊ हसले नाहीत. त्यांनी रिनाला विचारलं की सर किती शिकले. रिना म्हणाली, बी.ए., इंग्रजी घेऊन. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. या टोप्या फिरवल्या की चाक पुढच्या आसाला जोडलं जातं. चिखलात दोन्ही जोडायच्या, रस्त्यावर दोन्ही सोडायच्या.

“तुमी एक बैल जुपला अन् एक सोडून देल्ला, सर. रस्त्यानं तो एकटा जू ओढत चालला, म्हणून कुरकुरून राह्यला. अन् चिखलात सोडलेल्या बैलाच्या भरोशावर नांगर कसा निंगन?”

पंधरा दिवस, दोन पार्ट, एक जबाब, दादाजीभाऊंचं मीठ आणि माझा स्वल्पविराम, सगळं त्या एका बाणात होतं. नाल्यात उभं राहून मला रडावं की हसावं कळेना, आणि रिना मात्र हसायला लागली होती. ती चपला हातात घेऊन हसत होती, आणि लालसूभाऊंनी उजवी टोपी फिरवता फिरवता तिला विचारलं की शाळेत नवीन बाई येनार म्हणत होते, त्या तुमीच काय. माही नातीन तिसरीत हाय. एकच गुरुजी चार वर्ग पाह्यतेत, थे बी थकले.

मग त्यांनी हुकूम सोडला की बाई चालवतील आणि सर ढकलतील, कारण सर रेस लई देतात. रिनाला गाडी येते. आम्ही दोघं एकाच ड्रायव्हिंग स्कूलला गेलो होतो, ती पहिल्या परीक्षेत पास झाली, मी तिसऱ्या, आणि हा विषय आमच्या घरात काढत नाहीत. ती बसली. लालसूभाऊ म्हणाले, हळू, बिलकूल हळू. चारी चाकांनी एकदाच माती धरली आणि गाडी चढावर अशी निघून गेली की मी जिथे ढकलत होतो तिथे आता काहीच नव्हतं. मी तोंडावर पडलो. बांधीतल्या बाया रोवणा थांबवून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली की, सर बी रोवले गेले.

अंगभर चिखल असल्यामुळे मला स्टिअरिंगवर घेणार नाही असं रिनाने सांगितलं. फाईलच्या वरची प्लास्टिकची पिशवी डाव्या सीटवर अंथरून तिने मला त्यावर बसवलं. उरलेले चार किलोमीटर तिने चालवले. मी फक्त आवश्यक तेवढ्याच सूचना दिल्या. रस्ता खराब असल्याने त्या साधारण दर वीस फुटांवर आवश्यक होत होत्या. गिअर, क्लच, खड्डा, ती शेळी, आता उजवीकडे, उजवीकडे म्हणजे माझ्या नाही तुझ्या उजवीकडे. रिना एक शब्द बोलली नाही. गाडीही नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पुढून कसलाच आवाज येत नव्हता.

शाळेच्या दारात पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. खुशाल गुरुजी व्हरांड्यात कोरा कागद समोर घेऊन बसले होते. त्यांनी सांगितलं की पाच वाजता ‘संबंधित शिक्षिका रुजू झाल्या नाहीत’ असा अहवाल पाठवायचा होता, विषय आणि संदर्भ लिहून झाले होते. त्यांनी रिनाला ‘जय भीम, या बाई’ म्हटलं, स्वतःची खुर्ची दिली, आणि मला हापशाची दिशा दाखवली. खिडकीच्या गजांना तीसेक तोंडं लागली होती.

रुजू अहवाल लिहायचा होता. हा माझा प्रांत. मी हात पुसले आणि सांगू लागलो, उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. रिनाने माझ्याकडे न पाहता कागद ओढला आणि लिहिलं, ‘मी आज या शाळेत रुजू झाले आहे.’ खाली सही केली. विषयास अनुसरून नाही, सविनय नाही, सबब नाही. मसुदा म्हणून तो अगदी उघडावाघडा होता. पण गुरुजींनी हजेरीपटात स्वतःच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं आणि नाव कोरडं होईपर्यंत ती त्याकडे पाहत राहिली. तेरा वर्षांच्या कामाला ते एकच वाक्य पुरत होतं आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

गुरुजींनी चहा मागवला. मी चिखल ठिबकवत व्हरांड्याच्या कडेला उभा होतो. गाडीकडे पाहत त्यांनी विचारलं, “रस्त्यानं गाडीचा तरास नाई झाला ना, बाई?”

“गाडीचा नाई झाला,” रिना म्हणाली. “नाल्यापासून एक आवाज येत होता डावीकडून. पण तो आज वापस चालला गडचिरोलीले.”

मी पुढे झालो. ही वस्तुस्थितीशी विसंगत माहिती होती. नाल्यानंतर सदर आवाज पूर्णतः बंद झालेला होता, त्याचं शास्त्रीय कारणही सापडलं होतं, आणि ते गुरुजींना सविस्तर सांगायला मी तोंड उघडलं. खिडकीतली पोरं माझ्याकडे पाहत होती. रिनाही पाहत होती, तिच्या नव्या खुर्चीतून, हसू दाबत. मग माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड मिटलं, आणि आवाज बंद झाला.